पावकिलोचा गोटा

सुट्टीत घरी पाहुणे आले की तुम्ही त्यांना काय दाखवता? गावाजवळ समुद्र असेल तर समुद्र, किल्ला असेल तर किल्ला. आमच्या वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही आणि थंड हवेचं ठिकाणही नाही. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातली माझी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच माझ्याकडे आली, तेव्हा मला प्रश्नच पडला. हिला न्यावं कुठे?

मैत्रीण माझ्यासारखीच प्राथमिक शिक्षिका. पुण्याला एका प्रशिक्षण शिबिरात आमची ओळख झाली आणि आठ दिवसांत अशी गट्टी जमली, की जणू पहिलीपासून एकाच बाकावर बसत होतो! तिच्याबरोबर तिची लेकही आली होती. ही अकरा वर्षांची, सहावीत शिकणारी. घरी तिला सगळे 'छोटी' म्हणतात. आपणही छोटीच म्हणू या.

माझा प्रश्न छोटीनेच सोडवला.

"मावशी, मला बाजार दाखव. माझ्याकडे भाऊबीजेचे पैसे आहेत!"

मी म्हटलं, "मग तर तुला साधासुधा बाजार दाखवून चालायचं नाही. चल, कारंज्याला जाऊ."

तीन हाफ तिकिटं

माझं गाव मंगरूळपीर तालुक्यात. सकाळी सकाळी आम्ही एस.टी. पकडली. कंडक्टर आले. मी म्हटलं, "तीन हाफ, कारंजा."

छोटी खुदकन हसली. "आई, तू पण हाफ?"

त्याचं असं आहे, मित्रांनो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना एस.टी.त अर्धं तिकीट असतं हे तुम्हाला माहीतच आहे. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांनाही अर्धं तिकीट झालं. म्हणून आम्ही तिघी मिळून दीड माणूस!

खिडकीबाहेर काळीभोर जमीन पळत होती. कुठे पांढऱ्या बोंडांनी फुललेली पऱ्हाटी, कुठे हिरवीगार तूर. सोयाबीन काढून झालेली शेतं मोकळी दिसत होती. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, बरं का! कोकणातल्या लाल मातीत वाढलेली छोटी ही काळी माती टक लावून पाहत होती. ही माती पावसाचं पाणी खूप दिवस धरून ठेवते. म्हणून पाऊस गेल्यावरही कापूस आणि तूर तग धरून उभे राहतात. उन्हाळ्यात मात्र हिला एवढ्या मोठ्या भेगा पडतात, की तुमचा चेंडू आत गेला तर काढणं मुश्कील.

वाटेत मी छोटीला जिल्ह्याची ओळख करून दिली. वाशिम जिल्हा वयाने तसा लहानच. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून तो वेगळा झाला. वाशिम, कारंजा, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. पण वाशिम शहर मात्र फार जुनं. त्याचं जुनं नाव वत्सगुल्म. दीड हजार वर्षांपूर्वी तिथे वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होती. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवलं.

"आणि कारंजा म्हणजे? पाण्याचं कारंजं आहे तिथे?" छोटीने विचारलं.

तसं नाही. गावकरी सांगतात, की करंज नावाच्या ऋषींनी इथे तप केलं, त्यांच्यावरून गावाचं नाव पडलं. गावात त्यांच्या नावाचा ऋषी तलावही आहे. वर्धा जिल्ह्यात आणखी एक कारंजा आहे, ते कारंजा घाडगे. आमचं हे कारंजा लाड. लाड व्यापाऱ्यांची इथे मोठी वस्ती होती, म्हणून लाडांचं कारंजा. बघा, गावाच्या नावातच व्यापारी दडलेले आहेत!

हर्रास

कारंज्याला उतरल्यावर आधी गुरुमंदिरात जाऊन दर्शन घेतलं. दत्तसंप्रदायातले नृसिंह सरस्वती यांचं हे जन्मगाव, त्यामुळे लांबलांबचे लोक इथे येतात. तिथून आम्ही गेलो ते थेट बाजार समितीच्या आवारात. माझे धाकटे दीर त्या दिवशी सोयाबीन घेऊन आले होते. त्यांचा माल विकला गेला, की ते घरच्या बाजारासाठी आमच्याजवळ पैसे देणार होते.

आवारात सोयाबीनचे पिवळे ढीग ओळीने मांडलेले. छोटीला ते बेसनाचे डोंगरच वाटले. एका ढिगाशी दहा-पंधरा माणसं जमली होती. कोणी मूठभर दाणे उचलून पाहत होतं, कोणी दाताखाली दाणा फोडत होतं. मग हर्रास सुरू झाला. हर्रास म्हणजे लिलाव. एकाने भाव पुकारला, दुसऱ्याने दहा रुपये वाढवले, तिसऱ्याने आणखी वीस. सगळं मोठ्यानं, सगळ्यांसमोर. भाऊजी ढिगाशेजारी हाताची घडी घालून उभे होते. चार महिने शेतात केलेल्या कामाची किंमत त्या चार-पाच मिनिटांत ठरत होती. ते काही बोलत नव्हते, पण त्यांचा चेहरा पाहून छोटीही गप्प झाली.

भाव तुटला. तुटला म्हणजे ठरला. मग माल पोत्यांत भरून इलेक्ट्रॉनिक काट्यावर गेला. आकडे लाल अक्षरांत झळकले. भाऊजींनी प्रत्येक पोत्याचा आकडा खिशातल्या वहीत लिहून घेतला. शेवटी त्यांच्या हातात काटापट्टी आली. माल कोणाचा, किती, काय भावाने, हमाली किती, हाती पैसे किती, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं.

"वहिनी, मनासारखा नाही, पण बरा लागला भाव. रजईचं बघा तेवढं," भाऊजी म्हणाले आणि पैसे माझ्या हातात दिले.

मैत्रिणीने विचारलं, "हे दाखवायला आणलंस होय आम्हाला?"

होय! आता ऐका त्यामागची गोष्ट.

आज पोतं काट्यावर चढतं, आकडा सगळ्यांना दिसतो. पूर्वी असं नव्हतं. देशातल्या अनेक बाजारांत व्यापारी आणि दलाल रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. किती बोटं दाबली, ते त्या दोघांनाच ठाऊक. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा! वजनांचाही भरवसा नसे. शेर, मण ही मापं गावागावांत वेगळी. त्यात घेताना एक माप आणि देताना दुसरं, अशीही चलाखी चाले.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडचा कापूस साता समुद्रापार जात होता. वऱ्हाड तेव्हा नावाला हैदराबादच्या निजामाचं, पण कारभार इंग्रजांच्या हातात होता. हैदराबादला इंग्रजांचा रेसिडेंट असे. तिथून निघालेल्या हुकुमाने १८८६ साली कारंज्याच्या कापूस बाजाराला नियम लागू झाले. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतीच्या पुस्तकांत या कारंज्याचंच नाव येतं! पुढे १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने असे नियंत्रित बाजार सगळीकडे व्हावेत, अशी शिफारस केली. आज देशभर ज्या बाजार समित्या आहेत, त्यांच्या वंशावळीत पहिलं नाव आमच्या कारंज्याचं.

"म्हणजे इंग्रज शेतकऱ्यांशी चांगले वागले?" छोटीने विचारलं.

अगदी तसंही नाही. मँचेस्टरच्या कापड गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात हवा होता, म्हणून ही काळजी. पण कारण काहीही असो, 'माप खरं हवं' हे एकदा कागदावर आलं, की ते मग सगळ्यांच्याच उपयोगाचं होतं.

आलूबोंडा आणि डोळ्यांत पाणी

इतिहास ऐकून पोट भरत नाही. आम्ही एका साध्याशा हॉटेलात शिरलो. गरम आलूबोंडे कढईतून निघत होते. आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात, म्हणून हा आलूबोंडा. तुमच्या बटाटेवड्याचा भाऊच तो. पण मुंबई-कोकणात वडा पावात बसतो आणि आमच्याकडे तो रश्श्यात पोहतो! बशीत दोन बोंडे फोडून घालायचे, त्यावर लालभडक रस्सा, वर कांदा आणि लिंबू.

मैत्रिणीने ऐटीत पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याला नाक लाल झालं.

"ताई, कढी आणू का?" हॉटेलवाल्या काकांनी विचारलं. त्यांना हे नवीन नव्हतं.

मग कढी आली. आंबटगोड कढीत बुडवून दोघींनी आलूबोंडे संपवले आणि वर मुंगवडे मागवले. मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "आमच्याकडे सोलकढी, तुमच्याकडे आलूबोंड्याची कढी. कढीने वाचवलं गं बाई!"

कस्तुरीची खरेदी

जुन्या कारंज्याला चार दिशांना चार वेशी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. ज्या गावाची वाट, त्या गावाचं नाव वेशीला. एवढ्याशा गावातून थेट दिल्लीची वाट दाखवणारी वेस! व्यापारी कुठून कुठून येत असतील, याचा अंदाज यावरून करा.

वेशीपाशी उभं राहून मी छोटीला गावातली एक गोष्ट सांगितली. खरी-खोटी देव जाणे, पण कारंज्यात ती पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एकदा एक परदेशी व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून इथे आला. कस्तुरी म्हणजे कस्तुरीमृगापासून मिळणारं अतिशय महाग सुगंधी द्रव्य. चिमूटभर घेतानाही भल्याभल्यांना विचार पडायचा. 'एवढा माल घेणारा या गावात कोण आहे?' असं काहीतरी तो बोलला. ते इथल्या एका धनाढ्य सावकाराला लागलं. त्या वेळी त्याच्या हवेलीचं बांधकाम चालू होतं. त्याने उंटांवरची सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेतली आणि गवंड्यांना सांगितलं, 'टाका ही चुन्यात!' भिंतींना पुढे कित्येक वर्षं सुगंध येत होता म्हणे. म्हणून कारंज्याला 'कस्तुरीचं कारंजा' असंही म्हणतात.

"बापरे! किती श्रीमंत!" छोटी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण मावशी, चुन्यात टाकून वाया नाही का गेली?"

मी काहीच बोलले नाही. प्रश्न चांगला होता.

आमची खरेदी काही कस्तुरीची नव्हती. मैत्रिणीला हवी होती वऱ्हाडी कापसाची रजई, तूरडाळ आणि चटणीसाठी जवस. मलाही घरासाठी एक रजई हवी होती. गादीवाल्याच्या दुकानात रुई पिंजण्याचं यंत्र घरघरत होतं. दुकानभर बारीक तंतू उडत होते. छोटीच्या केसांवर, भुवयांवर पांढरं पांढरं बसलं आणि ती आजीबाई दिसू लागली!

गादीवाल्या चाचांनी तिला एक न पिंजलेलं बोंड दिलं. "आतलं बी काढून दाखव बेटा."

छोटीने खूप ओढलं, पण तंतू बियांना घट्ट चिकटलेले. या बीला सरकी म्हणतात. ती वेगळी करायला जिनिंगचा कारखाना लागतो. शंभर किलो कापूस जिनमध्ये गेला, की साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं आणि पेंड गाई-म्हशी खातात. रुई दाबून गठाणी बांधतात. एका गठाणीचं वजन १७० किलो धरतात. म्हणजे छोटीसारख्या पाच मुली!

रजया शिवून व्हायला तीन तास लागणार होते. मग समोरच्या किराणा दुकानातून डाळ आणि जवस घेतलं आणि भाजीबाजाराकडे वळलो.

सांभार द्या, सांभार!

भाजीबाजारात आधी गंमत झाली. एक आजी जमिनीवर पोतं अंथरून बसल्या होत्या. समोर वांगी, हिरव्या मिरच्या, जाम आणि कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या.

"या माय, सांभार घ्या सांभार. ताजा हाय," आजी म्हणाल्या.

छोटी माझ्या कानाशी लागली, "मावशी, इडलीबरोबरचं सांबार? पण इथे तर पातेलंच नाही!"

मी हसले, आजीही हसल्या. मित्रांनो, आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतात. आणि जाम म्हणजे पावाला लावायचा नव्हे, जाम म्हणजे पेरू! तुमच्या गावात कशाला काय म्हणतात, ते वहीत लिहून ठेवा. मोठी छान यादी होईल.

मैत्रिणीने पावकिलो मिरच्या मागितल्या. घासाघीस करून पाच रुपये कमीही करून घेतले. आजींनी हातातली तागडी उचलली. एका पारड्यात मिरच्या आणि दुसऱ्या पारड्यात चक्क एक दगड! नदीतला गुळगुळीत, काळा गोटा.

छोटी एकदम ओरडली, "आई, बघ! दगडाने मोजतायत! ही फसवाफसवी आहे!"

आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. आजींचा हात हवेतच थांबला. त्यांनी तागडी सावकाश खाली ठेवली.

"फसवतो म्हंते का वं पोरी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाले, या जागेवर बसतो मी."

मैत्रीण कावरीबावरी झाली. छोटीला गप्प करू लागली. मलाही काही सुचेना. छोटीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दगड वजन म्हणून वापरायला कायद्याने मनाई आहे, हे आम्हीच मुलांना शिकवतो. पण भर बाजारात एका म्हाताऱ्या बाईला फसवी म्हणणं, तेही काही न तपासता!

आजीच म्हणाल्या, "जा. समोरच्या किराण्यात काटा हाय. हा गोटा घेऊन जा अन् तूच मोजून पाह्य. मी काही सांगत नाई."

त्यांनी गोटा छोटीच्या ओंजळीत ठेवला. आम्ही निघालो. मला मनातून धाकधूक होत होती. गोटा हलका निघाला तर? आजींची शोभा होईल. आणि जड निघाला तर? छोटीची!

दुकानदारांनी गोटा काट्यावर ठेवला. आकडे हलले आणि थांबले. २६५ ग्रॅम.

छोटीने पुन्हा पाहिलं. पावकिलो म्हणजे २५० ग्रॅम. म्हणजे आजी प्रत्येक वेळी पंधरा ग्रॅम जास्तच देत होत्या!

दुकानदार हसले. "त्या आजीचं माप पुऱ्या बाजाराले माहीत हाय. कायले मोजता?"

परत येताना छोटीची मान खाली होती. आजींपुढे ती उकिडवी बसली आणि गोटा त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "आजी, चुकले मी. तुमचा दगड जड आहे. तुम्ही फसवत नाही, तुमचंच नुकसान होतंय."

"मले ठाऊक हाय ना," आजी म्हणाल्या. "दोनशेचं अन् पन्नासचं, दोन्ही वजनं हरपले. मंग नदीवरून गोटा आनला. हलका निघाला तं पाप लागन, म्हनून जराक जडच पाह्यला."

"पण दिवसातून चाळीस वेळा मोजलं तर सहाशे ग्रॅम जास्त जातात!" छोटीने हिशेब केला.

"जाऊ दे वं. अन् तू विचारलं ते बरंच केलं. मापाचं विचारलंच पाह्यजे. फक्त आधी मोजाचं, मंग बोलाचं."

मित्रांनो, आम्ही दोघी शिक्षिका तिथे उभ्या होतो आणि धडा आजी देत होत्या.

शिशाचा ठसा

छोटीने आईला बाजूला ओढलं आणि काहीतरी कुजबुजली. मग मला म्हणाली, "मावशी, वजनं कुठे मिळतात?"

वजनकाटे विकणारं दुकान आम्ही शोधून काढलं. तिथे लोखंडी सहाकोनी वजनं ओळीने मांडलेली होती. ५० ग्रॅम, १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो. छोटीने विचारलं, "पावकिलोचं वजन नाही?" नाही! लोखंडी वजनांत २५० ग्रॅमचं एकच वजन नसतं. २०० आणि ५० मिळून पावकिलो करतात. यातल्या मोजक्या वजनांची बेरीज करून कितीतरी मापं होतात. करून पाहा.

दुकानदारांनी एक वजन उलटं केलं. खाली एका खळग्यात शिसं भरलेलं होतं आणि त्यावर ठसा होता. वजन तंतोतंत करायला हे शिसं भरतात आणि सरकारी निरीक्षक तपासून त्यावर ठसा मारतात. ठरावीक मुदतीने वजनं पुन्हा तपासून घ्यावी लागतात, कारण लोखंडही झिजतं. इलेक्ट्रॉनिक काट्यांचीही अशीच तपासणी होते.

छोटीने भाऊबीजेच्या पैशांतून २०० आणि ५० ग्रॅमची वजनं घेतली आणि आजींपुढे नेऊन ठेवली.

आजींनी ती हातात घेतली, उलटी करून ठसा पाहिला आणि परत छोटीच्या हातात दिली. "मी फुकट नाई घेत."

आता आली का पंचाईत! छोटीचा चेहरा पडला. मग आजींनीच विचारलं, "कितीक पडले?" छोटीने आकडा सांगितला. आजींनी मनात हिशेब केला आणि पोत्यावरचे जाम निवडायला सुरुवात केली. एक-एक हाताने दाबून, वास घेऊन. नव्या वजनांनी त्यांनी चार वेळा पावकिलो जाम मोजले, दोन जुड्या सांभार ठेवला, वर मूठभर मिरच्या टाकल्या. "बाकीचे पैसे उद्या-परवा तुह्या मावशीजवळ देतो. झाला हिशेब?"

"झाला!" छोटी म्हणाली.

आणि मैत्रिणीने काय केलं सांगू? मिरच्यांचे कमी करून घेतलेले पाच रुपये गुपचूप आजींच्या पोत्याच्या कडेला ठेवले. आजींनी ते पाहिलं, पण बोलल्या नाहीत.

तो गोटा मात्र आजींनी छोटीला देऊन टाकला. "घे. घरी दार अडवाले कामी येईन."

मँचेस्टरहून आलेलं इंजिन

रजया घेऊन, रिक्षा करून आम्ही रेल्वे स्टेशनवर गेलो. गाडी पकडायला नव्हे! इथली गाडी काही वर्षांपासून बंद आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाईन. तिचं लाडकं नाव शकुंतला. रुळांतलं अंतर जेमतेम पाऊण मीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाईन कापूस वाहून नेण्यासाठीच टाकली. इथून कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरला! गंमत अशी, की या शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं होतं. १९९४ पर्यंत ते धावत होतं. नंतर डिझेल इंजिन आलं.

आम्ही तिथेच बसून मीठ लावून जाम खाल्ले. मी छोटीला म्हटलं, "उंट झाले, शकुंतला झाली, आता समृद्धी महामार्गही कारंज्याजवळून जातो. वाहनं बदलली, पण बाजार तोच आहे. घेणारा, देणारा आणि मध्ये काटा."

छोटीने विचारलं, "मावशी, कस्तुरीवाला सावकार मोठा की आपल्या आजी?"

मित्रांनो, मी उत्तर दिलं नाही. तुम्हालाच काय वाटतं, ते घरी आई-बाबांशी बोला.

आणखी एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना जुनी मापं विचारा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची एक पायली. १९५६ साली कायदा झाला आणि हळूहळू सगळीकडे किलो-ग्रॅम आले. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. १९८६ साली त्या दिवशी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कारंज्याच्या बाजाराला नियम लागले त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती! त्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०१९ चा नवा कायदा आहे. या दिवशी शाळेत एखादा छोटा बाजार भरवा. घेणारे तुम्ही, विकणारेही तुम्ही. पण काटा मात्र खरा ठेवा.

सुट्टी संपली, मैत्रीण आणि छोटी परत गेल्या. आजींनी उरलेले पैसे चौथ्या दिवशी आमच्या गावच्या एका माणसाबरोबर न चुकता पाठवले. ते मी छोटीसाठी वेगळे ठेवले आहेत.

परवा छोटीचं पत्र आलं. तिने लिहिलंय :

'मावशी, गोटा माझ्या टेबलावर आहे. काल आईबरोबर मासळी बाजारात गेले होते. वजनांखालचा ठसा बघायचा, असं ठरवलं होतं. पण इथे मावशी माशांचे वाटे लावतात आणि वाट्यावरच भाव सांगतात. काटाच नाही! मग माप खरं की खोटं, ते कसं ओळखायचं? मी आधी काही बोलले नाही. नुसती बघत बसले. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.'